सप्तनाडीत साठवलेला पावसाळा

मृगाचं वाहन कोल्हा, आर्द्रेचं मोर, पुनर्वसूचं हत्ती. पंचांगातला असा मजकूर वाचून आजही गावोगावी पेरणीची बोलणी होतात. हे प्राणी ठरतात एका साध्या भागाकारानं. सूर्य नव्या नक्षत्रात शिरतो त्या क्षणी त्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि नऊनं भागायचं. बाकी एक उरली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पाच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव आणि काहीच न उरल्यास हत्ती. बेडूक, म्हैस, हत्ती आले की भरपूर पाऊस. कोल्हा किंवा मेंढा आला की पावसानं ओढ दिलीच म्हणून समजा.

सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर म्हणजेच तिथी. तेव्हा वाहन हे तिथीचंच दुसरं रूप. एका नक्षत्राकडून पुढच्याकडे जाताना हा क्रम बहुतेक वेळा तीन किंवा चार घरं सरकतो, म्हणून हत्तीमागून बहुधा बेडूक किंवा मेंढा येतो. या हिशेबात ढग नाहीत, वारा नाही, समुद्राचं तापमान नाही. चंद्राचा पावसावर परिणाम होतच नाही असं मात्र नाही. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कोहयामा आणि वॉलेस या संशोधकांनी उपग्रहानं टिपलेली पंधरा वर्षांची पर्जन्यमापनं तपासली. चंद्र डोक्यावर असताना हवेला येणाऱ्या भरतीमुळे पाऊस किंचित बदलतो, हे त्यांनी 2016 मध्ये दाखवलं. हा बदल जेमतेम एक टक्क्याचा आहे. त्यावर पेरणी ठरवता येत नाही.

सप्तनाडी चक्र मात्र वेगळ्या जातीचं आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. अभिजित धरून अठ्ठावीस नक्षत्रं सात नाड्यांत विभागायची, प्रत्येकीत चार. नाड्यांची नावं चंडा, वायू, दहना, सौम्या, नीरा, जला आणि अमृता. मांडणी सर्पाकार: कृत्तिकेपासून सुरुवात करून अमृतेपर्यंत जायचं, तिथून उलट फिरून चंडेपर्यंत यायचं, पुन्हा तसंच. जला किंवा अमृता नाडीत चंद्र, बुध, शुक्र एकत्र आले की पाऊस. चंडा, वायू, दहनेत वारा आणि ऊन.

या नाड्यांवरून सूर्याची वाट आखून पाहा. मे महिन्यात सूर्य कृत्तिकेत, म्हणजे चंडेत. मग रोहिणी, नाडी वायू. जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर मृग, नाडी दहना. आर्द्रा सौम्येत, पुनर्वसू नीरेत, पुष्य जलेत, आश्लेषा आणि मघा अमृतेत. तिथून जला, नीरा, सौम्या असं उतरत ऑक्टोबरात चित्रेबरोबर पुन्हा दहना. वळवाच्या वाऱ्यापासून ऑक्टोबरच्या उन्हापर्यंतचा अख्खा पावसाळा या आकृतीत आहे! बुध सूर्यापासून 28 अंशांपेक्षा आणि शुक्र 47 अंशांपेक्षा फारसा दूर जात नाही. त्यामुळे भर पावसाळ्यात तेही या ओल्या नाड्यांच्या आसपासच सापडतात. ज्यांनी हे चक्र आखलं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेला ऋतुक्रम नक्षत्रांना बांधून ठेवला, असं मला वाटतं.

पण ती गाठ सैल होत गेली. नक्षत्रं ताऱ्यांना धरून आहेत, ऋतू संपातबिंदूंना. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डोलत असल्यानं दोन्हींत सुमारे 71 वर्षांना एक दिवस फरक पडतो. अशा चक्रांचा मोठा संग्रह असलेला ‘नरपतिजयचर्या’ हा ग्रंथ बाराव्या शतकातला. तेव्हापासून आजवर बारा दिवस सरकले. आज सूर्य अमृतेत असतो तो साधारण 3 ते 30 ऑगस्ट; तेव्हा हाच काळ जुलैच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होई आणि देशातल्या सर्वाधिक पावसाच्या दिवसांशी अधिक चांगला जुळे.

याच ग्रंथातलं सर्वतोभद्र चक्र नऊ गुणिले नऊ घरांचं, नक्षत्रं, स्वर, व्यंजनं, राशी आणि तिथींनी भरलेलं. व्यापाऱ्यांनी ते तेजी-मंदीसाठी वापरलं. कारण उघड आहे: पाऊस हुकला की धान्य आणि कापूस महागतो. मुंबईच्या 1887 च्या जुगार प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येत कापूस-अफूच्या भावावरचा आणि पाऊस पडेल की नाही यावरचा सट्टा एकाच यादीत आहेत. भावाला मात्र साठा, आयात, सरकारी धोरण अशी आणखी कितीतरी कारणं असतात आणि 81 घरांत त्यांना जागा नाही.

पावसाच्या या हिशेबांना एक गोष्ट ठाऊकच नाही, ती म्हणजे गाव. ग्रहस्थिती महाबळेश्वरला आणि वाईला एकच. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, घाट उतरून वाईत आलं की हजारही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हे भान लख्ख आहे. कोठारात एक अरत्नी, म्हणजे हातभर, तोंडाचं कुंड पर्जन्यमापनासाठी ठेवावं असं तो सांगतो आणि प्रदेशागणिक आकडे देतो: जांगल, म्हणजे कोरड्या, प्रदेशात 16 द्रोण (तेव्हाचं माप), अवंतीत 23, गोदावरीकाठच्या अश्मकात जांगलाहूनही कमी आणि अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणात, अमर्याद. पेरणी या मोजमापाकडे पाहून करायची. आज महाराष्ट्रात बहुतेक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत. पेरणीआधी शेतकऱ्यानं पाहायचे ते आपल्या मंडळाचे आकडे.