खाटेजवळची सोनोग्राफी

पिपरी मेघे येथून एखाद्या अपघातग्रस्तास सेवाग्राम वा सावंगी येथील रुग्णालयात नेल्यावर तातडीच्या विभागातील डॉक्टरांनी खाटेजवळच सोनोग्राफी केली, तर ‘पोटाची संपूर्ण तपासणी झाली’ असा नातेवाइकांचा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः श्रवणातीत (कानास ऐकू न येणाऱ्या) ध्वनिलहरींची ही तपासणी यकृत व उजवे मूत्रपिंड यांच्यामधील फटीत, प्लीहेभोवती (पाणथरीभोवती), ओटीपोटात किंवा हृदयावरणात रक्त साचले आहे काय, एवढेच काही मिनिटांत पाहते. साचलेले रक्त पडद्यावर काळे दिसते. अतिवृष्टीनंतर शेतात पाणी तुंबल्याची तलाठ्याने नजरपाहणी केली, म्हणून जमिनीची मोजणी झाली असे होत नाही; तसेच येथेही आहे. आतड्याची इजा किंवा अल्प रक्तस्राव या सोनोग्राफीतून निसटू शकतो. यास्तव पुढे सीटी स्कॅन सांगितल्यास तो अवश्य करावा.