कमिया, लग्नगडी आणि उचल

रायपूर शहराच्या पूर्वेकडे तेलीबांधा नावाचा जुना तलाव आहे. तेथील विद्यार्थ्याने इतिहासाच्या तासाला ‘सीमाप्रदेशातील जीवन’ हे शब्द ऐकले, की त्याच्या डोळ्यांपुढे बहुधा अमेरिकेचा पश्चिम भाग उभा राहतो; ‘गुलामगिरी’ म्हटले, की तिकडचेच कापसाचे मळे. वास्तविक, तो ज्या भूमीवर बसला आहे, तीही एके काळी सीमाभूमीच होती.

१७४१ मध्ये भास्करपंतांच्या स्वारीने रतनपूरचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या वर्चस्वाखाली आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. नागपूर दरबाराच्या दृष्टीने छत्तीसगड ही राज्याची पूर्वेकडील कड होती: दाट अरण्ये, विरळ वस्ती, दूरदूरच्या जमीनदाऱ्या. अशा प्रदेशात जमीन मुबलक आणि कसणारे हात थोडे असतात. हात थोडे असले की मजुरी वाढावी, असे कोणासही वाटेल. परंतु धान्याचे कोठार ज्याच्या ताब्यात असते, तो मजुरी वाढवण्याऐवजी मजुरालाच बांधून ठेवण्याचा मार्ग शोधतो. त्यासाठी साखळदंड लागत नाहीत. पेरणीच्या तोंडावर दिलेले थोडे धान्य पुरेसे होते. छत्तीसगडात व बिहारात अशा बांधील गड्याला ‘कमिया’ म्हणत. शब्दाचा अर्थ नुसता ‘काम करणारा’! ठाणे जिल्ह्यातील आदिवासी पाड्यांवर लग्नासाठी कर्ज घेऊन राबणारा ‘लग्नगडी’ असे. पुष्कळदा त्याची नवपरिणीत पत्नीही त्याच कर्जात राबे.

१८४३ च्या कायद्याने न्यायालयांनी गुलामगिरीस मान्यता देणे बंद केले आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवला. कमियाला मात्र कोणी विकत घेतलेले नव्हते. त्याच्या अंगठ्याखाली फक्त कर्ज होते आणि कर्ज देणे हा काही गुन्हा नव्हे. पुढे संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तर व्याख्येतच निरनिराळ्या प्रांतांतील सुमारे तीस नावे नोंदवली. त्यांत ‘कमिया’ आहे. लोकांच्या तोंडचे शब्द कायद्याच्या कलमात असे क्वचितच आढळतात.

१९८२ मध्ये फरीदाबादच्या दगडखाणींतील मजुरांविषयीचे एक पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून दाखल करून घेतले. त्या खाणींत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातील मजूरही होते. मजुराकडून सक्तीने काम करून घेतले जात असेल, तर ते उचलीपोटीच असल्याचे न्यायालय गृहीत धरेल आणि तसे नसल्याचे मालकाने सिद्ध करावे, असा निर्णय १६ डिसेंबर १९८३ रोजी झाला. अंगठा उठवणाऱ्याजवळ कागद कोठून असणार, हे न्यायालयाने ओळखले होते.

धानाची कापणी झाली, की छत्तीसगडातील अनेक कुटुंबे आजही ठेकेदाराकडून उचल घेऊन परप्रांतीच्या वीटभट्ट्यांकडे निघतात. प्रत्येक उचल म्हणजे वेठबिगारी नव्हे. मात्र ती फिटेपर्यंत भट्टी सोडता येत नसेल, दुसरीकडे काम धरता येत नसेल, किंवा हातावर किमान वेतनाहून कमी पडत असेल, तर तो मजूर कायद्याच्या दृष्टीने कमियाच ठरतो. त्याचे ते कर्ज या कायद्याने संपुष्टात येते. त्यानंतरही सावकाराने त्यापोटी पैसे स्वीकारले, तर तीन वर्षांपर्यंतचा कारावास सावकाराला होऊ शकतो.