अध्यापकाची चिंतन-नोंदवही : आत्मपरीक्षण आणि कार्यक्षमता

प्रस्तावना :

महाविद्यालयीन अध्यापकाला दैनंदिनी नवी नाही. तास कोणता, घटक कोणता, उपस्थिती किती याची नोंद तिच्यात केली जाते आणि ठरावीक काळाने तिच्यावर वरिष्ठांची स्वाक्षरी होते. मात्र ही दैनंदिनी ‘काय झाले’ एवढेच सांगते. ते तसे का झाले आणि पुढील वेळी काय बदलावे, या प्रश्नांना तिच्या रकान्यांत जागा नसते. ही उणीव भरून काढणारे साधन म्हणजे चिंतन-नोंदवही होय. प्रस्तुत लेखात तिची संकल्पना, उपयुक्तता, लेखनपद्धती व मर्यादा यांचा विचार केला आहे.

संकल्पना :

अनुभव आपोआप ज्ञान देत नाही. त्यावर विचार झाला तरच तो ज्ञानाचे रूप घेतो. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी ‘हाऊ वुई थिंक’ (1910) या ग्रंथात चिंतनशील विचाराची मांडणी केली. एखादी धारणा कोणत्या आधारावर उभी आहे आणि तिच्यातून काय निष्पन्न होते, याचा जाणीवपूर्वक व सातत्याने घेतलेला शोध त्यांना त्यात अभिप्रेत होता. पुढे डोनाल्ड शॉन यांनी ‘द रिफ्लेक्टिव्ह प्रॅक्टिशनर’ (1983) या ग्रंथात व्यावसायिकांच्या संदर्भात चिंतनाचे दोन प्रकार सांगितले. कृती चालू असताना होणारे चिंतन हा पहिला आणि कृती संपल्यानंतर होणारे चिंतन हा दुसरा. विद्यार्थ्यांचे चेहरे पाहून अध्यापक ऐनवेळी उदाहरण बदलतो, तेव्हा पहिला प्रकार घडतो. ते उदाहरण का बदलावे लागले, याचा संध्याकाळी शोध घेणे हा दुसरा प्रकार होय. पहिला प्रकार क्षणिक असल्याने तो विसरला जातो. नोंदवही दुसऱ्या प्रकाराला स्थैर्य देते.

उपयुक्तता :

कार्यक्षमता म्हणजे अधिक तास काम करणे नव्हे, तर उपलब्ध वेळ अर्थपूर्ण कामाकडे वळविणे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांनुसार पूर्णवेळ अध्यापकाचा कार्यभार आठवड्याला किमान 40 तासांचा असून त्यांपैकी सहायक प्राध्यापकाने 16 तास प्रत्यक्ष अध्यापन करणे अपेक्षित आहे. उरलेले 24 तास वाचन, संशोधन, मूल्यमापन, विद्यार्थी-मार्गदर्शन आणि समित्यांचे काम यांत विभागले जातात. अध्यापनाचे तास वेळापत्रकाने बांधलेले असतात. हे 24 तास मात्र बहुधा बेहिशेबी राहतात. ‘वेळच मिळत नाही’ ही तक्रार खरी असली तरी वेळ नेमका कोठे जातो हे स्मरणावरून सांगता येत नाही. दोन आठवड्यांच्या नोंदी ते दाखवून देतात.

दुसरा लाभ मनोबलाचा आहे. टेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतील 238 कर्मचाऱ्यांच्या सुमारे 12,000 दैनंदिन नोंदींचा अभ्यास करून ‘द प्रोग्रेस प्रिन्सिपल’ (2011) हा ग्रंथ लिहिला. अर्थपूर्ण कामात झालेली प्रगती, मग ती लहान का असेना, ही कामाची प्रेरणा टिकविणारी प्रमुख बाब आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. शोधनिबंधासारख्या दीर्घकालीन कामात रोजची प्रगती डोळ्यांना दिसत नाही. ती लिहून ठेवल्यास दिसू लागते. रॉबर्ट बॉइस यांनीही ‘प्रोफेसर्स अ‍ॅज रायटर्स’ (1990) मध्ये अध्यापकांना मोठ्या सुटीची वाट पाहण्याऐवजी रोज थोडे लिहिण्याची व त्याची नोंद ठेवण्याची शिफारस केली आहे.

लेखनपद्धती :

ग्रॅहम गिब्ज यांनी 1988 मध्ये मांडलेले चिंतनचक्र येथे उपयोगी पडते. वर्णन, भावना, मूल्यमापन, विश्लेषण, निष्कर्ष आणि कृतियोजना असे त्याचे सहा टप्पे आहेत. रोज हे सर्व टप्पे लिहिणे शक्य होत नाही. म्हणून दैनंदिन नोंदीसाठी पुढील तीन प्रश्न पुरेसे ठरतात :

1. आज कोणते काम खऱ्या अर्थाने पुढे सरकले?
2. काय अडले आणि त्याचे संभाव्य कारण कोणते?
3. उद्या कोणती एक गोष्ट वेगळी करावयाची?

समजा, अर्थशास्त्राच्या अध्यापकाने ‘मागणीची लवचिकता’ हा घटक शिकविला. ‘विद्यार्थ्यांना समजले नाही’ ही नोंद निरुपयोगी होय. ‘सूत्र पाठ झाले, परंतु कांद्याचा भाव वाढूनही खरेदी फारशी का घटत नाही, हे एकालाही सांगता आले नाही, पुढील तासाला आधी बाजारातील उदाहरण, नंतर सूत्र’ ही नोंद मात्र पुढच्या तासाची दिशा ठरविते. म्हणजेच नोंदीत निरीक्षण, कारण आणि कृती यांची साखळी असावी.

रोज 10 ते 15 मिनिटे लेखनास द्यावीत. आठवड्याच्या शेवटी नोंदी पुन्हा वाचाव्यात आणि महिन्यातून एकदा एका प्रसंगावर सहाही टप्प्यांनी सविस्तर लिहावे. पुनर्वाचन हा या पद्धतीचा गाभा आहे. एका दिवसाची अडचण योगायोग वाटते. तीच चार आठवडे दिसली तर तो आकृतिबंध ठरतो आणि त्यावर उपाय शोधता येतो.

मर्यादा व दक्षता :

आत्मपरीक्षण आणि आत्मपीडन यांत भेद केला पाहिजे. पॉल ट्रॅपनेल व जेनिफर कॅम्पबेल यांनी 1999 मध्ये जिज्ञासेतून होणारे चिंतन आणि भीती वा पराभवाच्या भावनेतून होणारे रवंथ हे वेगळे असल्याचे दाखविले. तोच प्रसंग कृतियोजनेविना पुनःपुन्हा लिहिला जात असेल, तर लेखन थांबवून सहकाऱ्याशी बोलणे श्रेयस्कर ठरते. विद्यार्थ्यांची नावे आणि खासगी बाबी नोंदवहीत लिहू नयेत.

सर्वांत महत्त्वाची दक्षता संस्थात्मक आहे. उपयुक्त वाटणारी प्रत्येक गोष्ट मूल्यांकनाच्या फाइलमध्ये पुरावा म्हणून लावण्याकडे महाविद्यालयांचा कल असतो. चिंतन-नोंदवही तपासणीचा विषय झाली की अध्यापक तिच्यात स्वतःच्या उणिवा लिहिणार नाही. तो वरिष्ठांना आवडेल असे लिहील आणि तिचे प्रयोजनच संपेल. संस्थेने तिच्यासाठी वेळ व मोकळीक द्यावी, अध्यापकांनी स्वेच्छेने अनुभवांची देवाणघेवाण करावी. परंतु वही मागू नये.

निष्कर्ष :

चिंतन-नोंदवहीस खर्च जवळजवळ लागत नाही. लागते ते सातत्य व प्रामाणिकपणा. ती कार्यभार कमी करीत नाही, अपुरी पदसंख्या किंवा वाढते कागदी काम यांवरील उपायही ती नव्हे. तथापि यांपैकी कोणत्या अडचणी स्वतःच्या हातातील आहेत आणि कोणत्या व्यवस्थेच्या आहेत, हे वेगळे करून पाहण्याची दृष्टी ती देते. पहिल्या प्रकारच्या अडचणींवर अध्यापक स्वतः काम करू शकतो. दुसऱ्या प्रकारच्या अडचणींबाबत त्याला केवळ तक्रार न करता नोंदींच्या आधारे बोलता येते.