स्त्री-आरोग्याचे संशोधक कसे घडतात

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 1990 साली स्त्री-आरोग्याच्या संशोधनासाठी स्वतंत्र कार्यालय स्थापन झाले, आणि पुढे 2000 साली त्याच्या पुढाकाराने, नवोदित अध्यापक-संशोधकांना अनुभवी मार्गदर्शकांच्या हाताखाली तयार करणारी, आद्याक्षरांवरून ‘बर्च’ म्हणून ओळखली जाणारी योजना सुरू झाली. पुष्कळांना ही स्त्रियांसाठी राखून ठेवलेली शिष्यवृत्ती वाटते. वस्तुतः राखीव आहे तो अभ्यासविषय. निवड पुरुषांचीही होते. मात्र अमेरिकेचे नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना आवश्यक असतो, हे तिकडे शिकावयास गेलेल्या आपल्या मुलामुलींनी अर्ज करण्यापूर्वीच ध्यानात घ्यावे.

स्त्री-आरोग्य म्हणजे गर्भारपण आणि बाळंतपण, हा समज याहून खोल रुजलेला आहे. झोल्पिडेम ही झोपेची गोळी 1992 साली तेथे मंजूर झाली आणि स्त्रीपुरुषांना सारख्याच मात्रेत दिली जाऊ लागली; परंतु स्त्रियांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर पडते, त्यामुळे रात्री गोळी घेऊन निजलेली बाई सकाळी मोटार चालवावयास बसे तेव्हाही अपघात ओढवण्याइतका तिचा अंश रक्तात शिल्लक असू शके. अखेर 2013 साली औषध प्रशासनाने स्त्रियांसाठी साध्या गोळीची मात्रा 10 मिलिग्रॅमवरून 5 वर आणविली. असला प्रश्न सोडवावयास औषधशास्त्र हवे, निद्रेचे ज्ञान हवे आणि संख्याशास्त्रही हवे. म्हणूनच या योजनेत उमेदवार एकाच गुरूच्या स्वाधीन न करता भिन्न शाखांतील मार्गदर्शकांची तजवीज केलेली असते.

मार्गदर्शक म्हणजे केवळ शिफारसपत्र देणारा वजनदार माणूस, असेही मानले जाते. शिफारशीचे मोल मी नाकारीत नाही. परंतु तरुण डॉक्टराला खरी चणचण असते ती वेळेची. बाह्यरुग्ण विभागासमोरची रांग, रात्रपाळी आणि विद्यार्थ्यांचे तास यांतून सुटून तो टिपणे उघडतो तोवर दिवस मावळलेला असतो. या योजनेचे अनुदान विद्यापीठाच्या हाती पडते आणि त्याबरोबर, उमेदवाराचा सर्वसाधारणपणे 75 टक्के वेळ, म्हणजे पाच दिवसांच्या आठवड्यातले पावणेचार दिवस, संशोधनासाठी मोकळा राखण्याची जबाबदारीही विद्यापीठावर येते. माझ्या मते योजनेचा प्राण या अटीत आहे. कारण त्या पावणेचार दिवसांतच उमेदवाराचा कच्चा मसुदा मार्गदर्शकापुढे जातो, खाडाखोड होऊन परत येतो, पुन्हा लिहिला जातो, आणि मुदत संपत येते तेव्हा स्वतंत्र अनुदानाचा अर्ज त्याला स्वतःच्या नावाने करता येतो.