उतारवयातील काळे डाग आणि बिनचिठ्ठीची मलमे

सुरतेच्या महिधरपुऱ्यात हिऱ्यांचा बाजार रस्त्यावरच भरतो. कागदी पुडीतील माल उघड्या उजेडात पारखावा आणि उभ्या उभ्या भाव ठरवावा, ही तेथील रीत. अशा व्यवसायात तीस-चाळीस वर्षे काढलेल्या कित्येक बंधूंच्या गालांवर व हातांच्या पाठीवर तपकिरी-काळे सपाट डाग दिसून येतात. ‘वय झाले’ एवढे म्हणून आपण तो विषय संपवितो; परंतु आमच्या मते हा अर्धाच खुलासा होय.

त्वचेतील विशिष्ट पेशी मेलॅनिन नामक रंगद्रव्य तयार करतात. सूर्याच्या जंबुपार किरणांपासून आतील थरांचे रक्षण करणे हे त्याचे कार्य. वर्षानुवर्षे ऊन लागलेल्या जागी ही व्यवस्था बिघडते व रंगद्रव्य एके ठिकाणी साचते. वस्त्राखाली नित्य झाकलेल्या अंगावर असे डाग सहसा आढळत नाहीत, ते यामुळेच. सुरत कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्याने मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यास माध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो. या किरणांचा एक प्रकार तर काचेतूनही आत शिरतो. सबब मोटारीत वा काचबंद पेढीत बसलेला मनुष्य पूर्णतः सुरक्षित नव्हे.

सर्वच डाग मात्र उन्हाचे नसतात. स्त्रियांच्या गालांवरील वांग बहुधा गर्भारपणात उद्भवतो. सुश्रुताने ‘व्यंग’ म्हणून त्याची गणना क्षुद्ररोगांत केली आहे. मानेवर मखमलीसारखा जाड काळेपणा आल्यास रक्तातील साखर तपासून घ्यावी, कारण तो पुष्कळदा मधुमेहाची पूर्वसूचना असतो. वेडावाकडा, अनेक रंगांचा, वाढत जाणारा किंवा रक्त येणारा डाग विनाविलंब त्वचारोगतज्ज्ञास दाखवावा. आपल्या वर्णाच्या लोकांनी तळपाय व नखांखालची जागाही पाहत असावे.

प्रतिबंध सोपा आहे: दुपारचे ऊन टाळणे, छत्री, पूर्ण बाह्या, आणि तीस वा अधिक एसपीएफचे मलम दर दोन-तीन तासांनी. लिंबू चोळून उन्हात जाण्याचा घरगुती उपाय मात्र उलटतो. त्या रसावर ऊन पडले की त्वचा भाजते आणि नवे डाग उमटतात. हायड्रोक्विनोन, लेसर इत्यादी उपचार गुणकारी आहेत, पण आपल्या त्वचेवर चुकीच्या हाती ते अधिकच काळे डाग ठेवून जातात.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय हाती घेतला तीकडे वळतो. अकोल्यातील एका कुटुंबातील आई व दोन मुलींची मूत्रपिंडे बिघडल्याचे वृत्त २०२३ साली प्रसिद्ध झाले. तिघींच्या वापरात गोरेपणाचे एकच मलम होते, आणि त्यात पारा आढळला. पारा मेलॅनिनची उत्पत्ती रोखतो, म्हणून चेहरा लवकर उजळतो व गिऱ्हाईक खूष होते; परंतु तोच पारा त्वचेतून रक्तात आणि तेथून मूत्रपिंडात जातो. २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार अशा मलमात अनवधानाने आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. स्टेरॉइडयुक्त मलमांविषयी २०१८ साली निर्बंध कडक झाले. ती वैद्याच्या चिठ्ठीविना विकावयाची नाहीत.

आपल्यापैकी काहींचा प्रसाधनांचा व्यापार आहे. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि घटकांची यादी नसलेली डबी कितीही नफा देत असली तरी ती घेऊ नये, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. घरात कोणी असे मलम लावीत असेल, तर ते त्वरित बंद करावे, मात्र डबी फेकू नये. पायांवर सूज किंवा लघवीला फेस दिसल्यास ती डबी सोबत घेऊन वैद्याकडे जावे व लघवीतील प्रथिनांची तपासणी करून घ्यावी.