निकोटिन गममुळे घसा जळजळतो? चघळण्याची पद्धत तपासा

सिगारेट सोडून निकोटिन गम सुरू केल्यावर घशात जळजळ, उचकी किंवा मळमळ झाली, की अनेकजण गम बंद करतात आणि पुन्हा सिगारेटकडे वळतात. बहुतेक वेळा कारण एकच असते: गम साध्या च्युइंगमसारखा भराभर चघळणे.

असे का होते?
गममधले निकोटिन गालाच्या आतल्या अस्तरातून रक्तात जायला हवे. भराभर चघळल्यास ते लाळेबरोबर पोटात जाते. त्रास होतो आणि तलफही भागत नाही.

योग्य पद्धत
• तिखट चव किंवा झिणझिण्या येईपर्यंत सावकाश चघळा.
• मग गम गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या.
• झिणझिण्या थांबल्या की पुन्हा चघळा, जागा बदला. सुमारे ३० मिनिटे असे करा.
• १५ मिनिटे आधीपासून गम थुंकेपर्यंत काही खाऊ-पिऊ नका. कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबतामुळे निकोटिन नीट शोषले जात नाही.

डॉक्टरांना कधी विचारावे?
सकाळी उठल्यावर ३० मिनिटांच्या आत सिगारेट लागत असेल, तर २ ऐवजी ४ मिलिग्रॅमचा गम लागू शकतो. गरोदर असाल किंवा नुकताच हृदयविकाराचा झटका आला असेल, तर आधी विचारा. गम मुलांच्या हाती लागू देऊ नका.