सुमात्राची कॉफी : आधी वाळवण, मग भाजणी

जबलपूरचे इंडियन कॉफी हाऊस कामगारांची सहकारी संस्था चालवते. तिथल्या कॉफीची चव तुमच्या परिचयाची असेल. आता इंडोनेशियाची गडद भाजलेली कॉफी पिऊन पाहा. आंबटपणा जवळजवळ नाही, घोट जड आणि किंचित मातकट. ही चव केवळ भाजण्यातून आली, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग वाळवणात घडतो. तो कसा, ते पाहू.

लागवड

डचांनी मलबारातून कॉफीची रोपे जावा बेटावर नेली. पहिली रोपे पुरात गेली. १६९९ मध्ये नेलेली रुजली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तांबेरा रोगाने सखल भागातील अरेबिका नष्ट केली. तिथे पुढे रोबस्टा आली. अरेबिका उंच डोंगरांत टिकली, उदाहरणार्थ उत्तर सुमात्रातील तोबा सरोवराच्या परिसरात. तिथले बहुतेक उत्पादक लहान शेतकरी आहेत.

प्रक्रिया

शेतकरी पिकलेल्या फळांची साल काढतो, बिया रात्रभर आंबवतो आणि चिकट गर धुऊन टाकतो. आता बीवर एक कडक टरफल उरते. इतर देशांत बी टरफलासकट वाळवतात. ओलावा ११-१२ टक्क्यांवर आला की टरफल काढतात.

जबलपूरच्या मे महिन्यात पापड-कुरडया दोन दिवसांत खडखडीत वाळतात. सुमात्राच्या डोंगरांत पाऊस केव्हाही येतो. शिवाय शेतकऱ्याला पैसे लवकर हवे असतात. म्हणून तो बी अर्धवट वाळवूनच विकतो. व्यापारी ३० ते ४० टक्के ओलावा असतानाच टरफल काढतो. उघडी बी मग लवकर वाळते. या पद्धतीला ‘गिलिंग बासाह’ म्हणतात. अर्थ, ओले दळणे. यामुळे बी निळसर-हिरवी होते, आंबटपणा घटतो आणि घोट जड होतो. मात्र मऊ बी यंत्रात चिरते आणि बुरशीचा धोकाही वाढतो.

भाजणी

सुमारे २०० अंश सेल्सिअसला बी पहिल्यांदा तडतडते, २२५ च्या आसपास दुसऱ्यांदा. गडद भाजणी या दुसऱ्या टप्प्यापर्यंत किंवा त्यापुढे जाते. आम्ले घटतात, कडवटपणा वाढतो, तेल पृष्ठभागावर येते. जड घोटाच्या बीला ही भाजणी मानवते. पण हीच भाजणी बीतले दोषही झाकते. म्हणून काळा रंग हा दर्जाचा पुरावा नव्हे.

आपल्याकडे रंग आणखी एका कारणाने फसवतो : चिकोरी. भारतीय नियमानुसार कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते आणि प्रमाण पाकिटावर छापावे लागते. विकत घेताना आधी ते वाचा.

विचार करा : सुमात्रात वर्षभर जबलपूरच्या मे महिन्यासारखे ऊन असते, तर ही चव तयार झाली असती का?